पालकांसाठी महत्त्वाची माहिती

आमची कन्या पाच वर्षांची व्हायला आली आणि घरात शाळेचा विषय सुरू झाला. तिकडे पुण्या-मुंबईत हा विषय मूल अडीच वर्षांचं असतानाच सुरू होतो, ओळखी काढल्या जातात, फॉर्मसाठी पहाटे रांगा लागतात, हे मला ठाऊक आहे. इथे तसं काही नाही. न्यूझीलंडमध्ये मूल साधारणपणे पाचवा वाढदिवस झाला की शाळेत जायला लागतं. मग तो वाढदिवस वर्षाच्या मध्ये कुठेही येवो. कायद्याची सक्ती सहाव्या वर्षापासून आहे, पण तोवर थांबत जवळजवळ कुणी नाही. काही शाळा आता मुलांना गटाने घेतात. बाकी शाळांत पहिल्या वर्गात वर्षभर लग्नघरी पाहुणे यावेत तशी एकेक दोन-दोन मुलं येत राहतात, आणि बाई दर वेळी न कंटाळता "दप्तर इथे ठेवायचं" हे नव्याने शिकवतात.

आम्ही राहतो न्यू लिनला. ऑकलंडच्या पश्चिमेचं हे उपनगर. नाव इंग्लंडमधल्या किंग्ज लिन या गावावरून आलेलं. इथली जमीन चिकणमातीची, त्यामुळे हे गाव वाढलं ते विटांच्या आणि मातीच्या पाइपांच्या भट्ट्यांभोवती. १८८० साली रेल्वे आली आणि न्यू लिनच्या विटा ऑकलंड शहराकडे जाऊ लागल्या. पुढे इथल्याच 'क्राउन लिन' कारखान्याच्या कपबशा न्यूझीलंडच्या घराघरात पोचल्या. कारखाना १९८९ मध्ये बंद झाला. एक जुनी भट्टी मात्र अँब्रिको प्लेस नावाच्या गल्लीत घरांच्या मध्ये जपून ठेवली आहे. आता इथे मॉल आहे, २०१० पासून खंदकातून जाणारी रेल्वे आहे, चिनी भाजीवाले आहेत आणि मेथीची जुडी मिळते. अजून काय पाहिजे!

तर शाळा. आमच्या शेजारी वसईच्या एक ताई राहतात. घरात त्यांची सामवेदी बोली, आमच्याशी मराठी, आणि रविवारी न चुकता चर्च. त्यांची दोन्ही मुलं जवळच्या एका छोट्या चर्चच्या प्राथमिक शाळेत शिकली. कन्या त्यांना मावशी म्हणते. एके संध्याकाळी त्या त्या शाळेचा एक कागद घेऊन आल्या. "बघून ठेवा. शाळा लहान आहे, पण प्रत्येक पोराला नावाने ओळखतात."

कागद पाठपोट होता. वर शीर्षक, 'पालकांसाठी महत्त्वाची माहिती'. शाळा पाच मिनिटं कमी नऊला भरते, तीनला सुटते. डबा घरून आणायचा. उन्हाळ्याच्या सत्रांत टोपी हवीच, टोपी नसेल तर मैदानावर खेळायचं नाही, सावलीत बसायचं. इथवर सगळं कळलं. मागच्या बाजूला मात्र चार ओळी होत्या. पहिली, ही शाळा 'स्टेट-इंटिग्रेटेड' आहे. दुसरी, शाळेचं 'स्पेशल कॅरॅक्टर' जपलं जातं. तिसरी, प्रवेशात 'प्रेफरन्स' असलेल्या मुलांना आधी घेतलं जातं, बाकीच्यांसाठी मोजक्याच जागा आहेत. चौथी, मालक संस्थेला 'अटेंडन्स ड्यूज' भरावे लागतील.

या चार ओळींतलं मला काहीही कळलं नाही. शाळा सरकारी की खासगी? सरकारी असेल तर प्रवेशात धर्म कसा विचारतात? खासगी असेल तर मास्तरांचा पगार सरकार का देतं? आणि मालक कोण? एखाद्या यंत्राच्या माहितीपत्रकात असा न उलगडलेला शब्द आला की मला झोप लागत नाही. पीएच.डी.ने लावलेली ती एकच टिकाऊ सवय. मग ग्रंथालयातून पुस्तकं आणली, जुने कायदे वाचले, आणि दोन महिने त्यातच गेले. त्या चार ओळींच्या मागे शंभर वर्षांचं भांडण आणि त्यानंतरचा तह आहे, हे त्यातून कळलं. ते भांडण आपल्याकडेही झालं, फक्त ते वेगळ्या रीतीने मिटवलं गेलं. म्हणून हा लेख.

सुरुवातीपासून सांगतो. न्यूझीलंडची पहिली शाळा ही एका खेड्यातली चर्चची प्राथमिक शाळाच होती. देशाच्या उत्तर टोकाला बे ऑफ आयलंड्समध्ये रांगीहौआ इथे चर्च मिशनरी सोसायटीच्या थॉमस केंडलने १८१६ च्या ऑगस्टमध्ये ती उघडली. पहिल्या दिवशी ३३ माओरी मुलं होती. केंडलने त्याच्या आदल्या वर्षी माओरी भाषेतलं पहिलं पुस्तक सिडनीत छापून घेतलं होतं. मुलं खायला मिळे तोवर येत. १८१८ मध्ये पुरवठा आटला आणि शाळा बंद पडली. आता गंमत बघा. आपल्या मुंबईत अमेरिकन मराठी मिशनची पहिली शाळा निघाली १८१५ मध्ये. जगाच्या दोन टोकांना, एक वर्षाच्या अंतराने, धर्म सांगायला आलेले लोक आधी मुळाक्षरं सांगत बसले होते. धर्म किती लोकांनी घेतला हा हिशेब वेगळा, पण अक्षरं पुष्कळांनी घेतली.

पुढे गोऱ्यांची वसाहत वाढली. न्यूझीलंडमध्ये तेव्हा प्रांत होते आणि प्रत्येक प्रांताची तऱ्हा निराळी. ओटागोत स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लोक, तिथल्या सार्वजनिक शाळांत बायबल वाचलं जाई. कँटरबरीत सरकार वेगवेगळ्या चर्चना पैसे देई आणि ती चर्चं आपापल्या शाळा चालवत. नेल्सनने १८५६ मध्येच सार्वजनिक शाळा काढल्या. १८७६ मध्ये प्रांत बरखास्त झाले आणि सगळ्या देशासाठी एकच शिक्षण कायदा करायची वेळ आली.

तो कायदा म्हणजे १८७७ चा एज्युकेशन अॅक्ट. चार्ल्स बोवेन या मंत्र्यांनी मांडलेल्या मूळ मसुद्यात रोज सकाळी एक प्रार्थना आणि थोडं बायबल वाचन होतं. संसदेने ते काढून टाकलं. संसद नास्तिकांनी भरलेली होती असं मुळीच नाही, बहुतेक सगळे चर्चला जाणारे होते. अडचण अशी की चर्चं अनेक होती. बायबल कुठलं वाचायचं, कुणी वाचायचं, त्याचा अर्थ कुणी सांगायचा, यावर एकमत होईना. मग सर्वांत सोपा मार्ग निघाला, कुणाचंच नको. सात ते तेरा वयाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचं आणि संपूर्णपणे 'सेक्युलर'. आपल्याकडे सेक्युलर म्हटलं की काहीतरी मोठं तत्त्वज्ञान डोळ्यांसमोर येतं. इथे ते भावकीतल्या भांडणात पडलेल्या पंचांनी काढलेल्या तोडग्यासारखं जन्मलं.

तारखेकडे जरा लक्ष द्या. १८७७. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी अमरेलीच्या काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला १८९३ मध्ये आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानात नेला. गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये सक्तीचं मोफत शिक्षण आणलं. एकाच साम्राज्याच्या एका वसाहतीत जे १८७७ मध्ये झालं, ते दुसरीत १९१२ मध्ये परवडणारं नव्हतं! असो.

१८७७ च्या कायद्यावर सर्वांत जास्त चिडले ते कॅथलिक. हे बहुतेक आयरिश, गरीब, कष्टकरी. त्यांचं म्हणणं असं, की धर्म हा काही अर्ध्या तासाचा विषय नाही, तो सगळ्या शाळेत मुरलेला असतो. आम्हाला आमच्या शाळा हव्यात, तर सरकार एक पैसाही देणार नाही, आणि सरकारी शाळांसाठी कर मात्र आमच्याकडूनही घेणार. एकाच मुलाच्या शिक्षणाचे पैसे दोनदा का भरायचे? डनेडिनचे बिशप पॅट्रिक मोरन तर याच मुद्द्यावर १८८३ मध्ये पोटनिवडणुकीला उभे राहिले. आपटले, पण मुद्दा देशभर गाजला.

हे वाचताना मला दुसरीच एक तारीख आठवली. १८८२. त्या वर्षी हंटर कमिशनसमोर जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, तेव्हा आधी सगळ्यांना प्राथमिक शिक्षण द्या आणि बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचं करा, असा त्यांचा आग्रह होता. एक पुण्यातले फुले आणि दुसरे डनेडिनचे बिशप. दोघांचं जमलं असतं असं मला वाटत नाही. पण दोघांचा प्रश्न एकच होता, आमच्या कराची शाळा आमच्या मुलांपर्यंत का येत नाही? आणि हे फुले स्वतः शिकलेले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले त्यातला काही भाग नगरला, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरारबाईंकडे.

सरकारने पैसे दिले नाहीत म्हणून इथले कॅथलिक गप्प बसले नाहीत. त्यांनी आपल्या शाळा बांधल्या. त्या चालवल्या कुणी? जोगिणींनी. आयर्लंडहून सिस्टर्स ऑफ मर्सी १८५० मध्येच ऑकलंडला आल्या होत्या. ऑस्ट्रेलियात मेरी मॅकिलॉप यांनी स्थापन केलेल्या जोसेफाइट संघाच्या सिस्टर्स १८८३ मध्ये साउथ आयलंडमधल्या तेमुका गावात आल्या. या बाया दोघी-तिघींच्या गटाने छोट्या गावांत राहत, दिवसा शाळा घेत आणि शाळा सुटल्यावर गावातल्या मुलांना पियानो शिकवत. पियानो कशासाठी? तर त्या शिकवणीच्या पैशांवर घर चाले. बिगर-कॅथलिक घरातली मुलंही पियानोला येत. गावातल्या अनेक घरांचा कॉन्व्हेंटशी संबंध आला तो एवढाच.

ही माहिती वाचताना हिशेब मांडायचा मोह आवरला नाही. शाळेचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे पगार. पगार जवळजवळ शून्य असेल तर गरिबातल्या गरीब वस्तीलाही स्वतःची शाळा परवडते. म्हणजे ही सगळी व्यवस्था काही हजार बायकांच्या न घेतलेल्या पगारावर उभी होती. आणि अशा व्यवस्थेला एक दिवस बाया येईनाशा झाल्या की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

तिकडे सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट मंडळींनी वेगळीच वाट शोधली. कायद्यात असं होतं की रोज सकाळी दोन आणि दुपारी दोन, असे किमान चार तास सेक्युलर शिक्षणासाठी शाळा उघडी हवी. म्हणजे उरलेल्या वेळात शाळा बंद असली तर चालेल! १८९७ मध्ये नेल्सनच्या एका पाद्रीबाबांनी हे हेरलं. आठवड्यातून एकदा अर्धा तास शाळा कागदोपत्री 'बंद' करायची. मुलं जागची हलणार नाहीत, फळाही तोच. फक्त मास्तरांच्या जागी पाद्रीबाबा उभे राहणार. अर्धा तास संपला की शाळा पुन्हा 'उघडली'. याला नाव पडलं नेल्सन पद्धत. जुगाड हा फक्त आपला राष्ट्रीय खेळ आहे असं मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. १९६४ च्या कायद्याने या पद्धतीला रीतसर मर्यादा घातली, आठवड्याला जास्तीत जास्त एक तास आणि वर्षाला वीस तास. ज्यांना नको त्या पालकांनी तसं कळवायचं. न कळवलं तर मूल आपोआप बसलेलंच. २०२० च्या नव्या कायद्याने हे उलटं केलं. आता पालकांनी लेखी होकार दिला तरच मूल त्या तासाला बसतं.

इथे मला आपली घटना आठवली आणि जरा कॉलर ताठ झाली. १९५० पासून आपल्या घटनेचं २८ वं कलम सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत दिलं जात असेल तर अज्ञान मुलाच्या पालकाच्या संमतीशिवाय त्याला तिथे बसवायचं नाही. होकार आधी घ्यायचा हे तत्त्व आपण सत्तर वर्षं आधी लिहून ठेवलं. ते किती शाळांत पाळलं जातं, हे तुम्ही मला सांगा.

आता शेवटचा अंक. १९५० आणि ६० च्या दशकांत न्यूझीलंडमध्ये मुलांची संख्या भराभर वाढली आणि जोगिणी होणाऱ्या मुलींची संख्या भराभर घटली. कॅथलिक शाळांचे वर्ग तुडुंब भरले. पगारी शिक्षक नेमावे लागले, आणि पगार द्यायला पैसे नव्हते. इमारती जुन्या झाल्या, कर्जं वाढली. या शाळा बंद पडल्या असत्या तर ती हजारो मुलं एका सकाळी सरकारी शाळांच्या दारात उभी राहिली असती. त्यांच्यासाठी सरकारकडेही वर्ग नव्हते. म्हणजे एवढी वर्षं जो वाद तत्त्वाचा होता, तो आता बाक किती आहेत यावर आला. सेक्युलर शिक्षणाच्या बाजूच्या लोकांनी कडाडून विरोध केला. तरीही मजूर पक्षाच्या सरकारने १९७५ मध्ये प्रायव्हेट स्कूल्स कंडिशनल इंटिग्रेशन अॅक्ट केला. १९७९ मध्ये पहिल्या कॅथलिक शाळा त्याखाली आल्या आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्याही आल्या. हा कायदा आता २०२० च्या शिक्षण कायद्यात सामावला आहे.

त्या तहाच्या अटी म्हणजेच आमच्या कागदावरच्या चार ओळी. आता त्या वाचून बघू.

'स्टेट-इंटिग्रेटेड' म्हणजे शाळा सरकारी शिक्षणव्यवस्थेचा भाग आहे. शिक्षकांचा पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकारी, तपासणी सरकारी. शिकवण्याची फी घेता येत नाही. जमीन आणि इमारत मात्र मालक संस्थेची. ऑकलंडच्या कॅथलिक शाळांच्या बाबतीत हा मालक म्हणजे ऑकलंडचे बिशप.

'स्पेशल कॅरॅक्टर' म्हणजे ज्या धर्मामुळे किंवा विचारामुळे शाळा निघाली, तो तिचा पिंड. तो टिकवायचा हक्क मालकाला आहे. शाळेत मूल घातलं म्हणजे या पिंडाशी निगडित असलेल्या सर्वसाधारण कार्यक्रमात ते भाग घेईल हे पालकांनी मान्य केलं, असं धरलं जातं. वेगळ्या श्रद्धेच्या मुलांच्या भावनांची कदर ठेवावी, हीही अपेक्षा आहे. हा पिंड कॅथलिकच असायला हवा असं नाही. अशा सव्वातीनशेच्या आसपास शाळांपैकी बहुसंख्य कॅथलिक आहेत, पण ऑकलंडमध्ये मुस्लिम मुलींची एक शाळा याच कायद्याखाली चालते, न्यू लिनशेजारच्या टिटिरांगीत रुडॉल्फ स्टाइनरच्या विचाराची एक आहे, आणि हो, हरे कृष्ण मंडळींचीही एक आहे. म्हणजे न्यूझीलंडचं सरकार कृष्णभक्त शाळेतल्या शिक्षकांना पगार देतं. १८७७ च्या संसदेला हे सांगितलं असतं तर?

'प्रेफरन्स' म्हणजे त्या धर्माशी खरंखुरं नातं असलेलं मूल. कॅथलिक शाळांत हे नातं चर्चच्या अधिकाऱ्याने सही करून सांगावं लागतं. ज्यांचं असं नातं नाही त्यांच्यासाठी साधारणपणे शंभरात पाच जागा. ही अट वाचून आधी मला रागच आला. सरकारी पैसा आणि धर्म विचारून प्रवेश? पण ती आतल्यांसाठी जितकी आहे तितकीच बाहेरच्यांसाठीही आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या चर्चच्या शाळेने शेजारच्या सरकारी शाळेची मुलं पळवू नयेत, हाही तिचा हेतू आहे.

'अटेंडन्स ड्यूज' म्हणजे इमारतींसाठीची वर्गणी. वर्षाला काहीशे डॉलर, मंत्र्यांच्या मंजुरीने ठरतात. इमारत सरकारची नाही, तेव्हा तिचं कर्ज आणि विमा पालकांनी उचलायचा. देणगी ऐच्छिक असते, हे ड्यूज ऐच्छिक नसतात. पालकांनी हा फरक आधीच समजून घ्यावा.

हिंदुस्थानात हाच प्रश्न ब्रिटिशांनी १८५४ मध्येच निकालात काढला होता. वुडच्या खलित्याने सांगितलं, चांगलं ऐहिक शिक्षण द्या, तपासणी होऊ द्या, थोडीशी का होईना फी घ्या, आणि अनुदान घेऊन जा. धर्माच्या तासाला काय चालतं ते इन्स्पेक्टर बघणार नाही. आपली 'अनुदानित शाळा' ही तिथून आली. न्यूझीलंडने शंभर वर्षं दार बंद ठेवलं आणि मग शाळेला घरातच घेतलं. आपण पहिल्यापासून दार अर्धवट उघडं ठेवलं आणि आत काय चालतं ते पाहायचं नाही असं ठरवलं.

हे सगळं मी फोनवर आजीला सांगत होतो. आजी नव्वदीची, नगर जिल्ह्यातली. नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण ती अजून नगरच म्हणते. तिच्या गावात अमेरिकन मिशनची एक खोलीची शाळा होती, चौथीपर्यंत. बोर्डाची शाळा लांब. तिथे तिने टिळकांची, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, मराठी भजनं म्हटली. चाली तिला अजून आठवतात.

"मग पणजोबांना चाललं ते? पोरीने येशूची भजनं म्हटलेली?" मी विचारलं.

"त्यांना येशूचं काय पडलं होतं!" आजी म्हणाली. "त्यांची अडचण वेगळी होती. त्या शाळेत सगळ्यांना एका सतरंजीवर बसवायचे. महारवाड्यातल्या मुली माझ्या शेजारी. ते त्यांना चालेना. दोन महिने घरी ठेवलं मला. मग माझ्या आईने घातलं परत. ती म्हणाली, पोर घरी राहिली तर माझ्यासारखा अंगठा उठवेल."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. घरात कायम सांगितलं गेलं की मिशनची शाळा म्हणून आढेवेढे घेतले. धर्म बाटेल ही भीती सांगायला सोपी होती. खरी भीती सतरंजीची होती. मी गप्प झालो. दोन महिने कायदे वाचत होतो, पण शाळेत पोराच्या शेजारी कोण बसेल हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

आता निर्णय. ती छोटी शाळा आम्ही बघून आलो. खरंच चांगली आहे. मुख्याध्यापिका दारात उभ्या राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतात. बिगर-कॅथलिकांच्या जागा भरलेल्या होत्या. मग ताईंनी एक वाट सुचवली. प्रेफरन्सच्या प्रकारांत एक असा आहे, की मुलाच्या संगोपनात असलेली आजी, आत्या, मावशी अशी कुणी कॅथलिक व्यक्ती त्याला त्या धर्मात वाढवायला हातभार लावणार असेल आणि पुढे मुलाचा बाप्तिस्मा होऊ शकत असेल, तर ते मूल बसतं. "मी मावशी आहेच की," ताई म्हणाल्या. "फादरना विचारून बघते." त्या अर्ध्या थट्टेत आणि अर्ध्या मनापासून बोलत होत्या. लहान शाळेच्या मोहाने मीही क्षणभर हिशेब मांडायला लागलो, सहीच तर करायची आहे.

बायको म्हणाली, "तुमचा विश्वास आहे म्हणून तुम्ही ती सही कराल ताई. आमचा नसताना आम्ही केली, तर तुमच्या शाळेलाच फसवल्यासारखं होईल." ताईंनी तिच्याकडे बघितलं, हसल्या, आणि चहा मागितला. मला वाटतं त्यांना ते आवडलं.

तर कन्या न्यू लिनमधल्या सरकारी शाळेत जाऊ लागली आहे. शाळा मोठी आहे, नावं लक्षात राहायला बाईंना आठवडा लागला. पहिल्या दिवशी ताईही आमच्याबरोबर सोडायला आल्या होत्या, टोपी त्यांनीच घेतलेली. संध्याकाळी आजीचा फोन आला. प्रार्थना झाली का, अभ्यास काय, असलं तिने काही विचारलं नाही. "शेजारी कोण बसतं?" एवढंच विचारलं.

कन्येने सांगितलं, एका बाजूला एक सामोअन मुलगी आणि दुसऱ्या बाजूला एक चिनी मुलगा. आणि बसायला सतरंजी आहे.